जपानच्या सहलीसाठी रोख येन, फॉरेक्स कार्ड आणि क्रेडिट कार्ड यांची विभागणी कशी करावी?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरचे पाच जण, म्हणजे मी, यजमान, दहा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे, जपानला निघालो आहोत. टोकियो, हाकोने, क्योटो आणि हिरोशिमा असा मार्ग असून कोणत्याही सहल कंपनीबरोबर न जाता सगळी आखणी आम्ही घरीच केली आहे. विमानाची तिकिटे झाली, हॉटेलांची आरक्षणे झाली, व्हिसाही हातात आला. आता प्रश्न उरला आहे तो तिथे खर्चायच्या पैशांचा. हॉटेलभाडे वगळून जपानमध्ये साधारण पाच लाख येन लागतील असा आमचा अंदाज आहे.

या पाच लाखांबद्दल घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. बँकेतले अधिकारी सगळी रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डावर, भरा म्हणतात. भाच्याच्या मते क्रेडिट कार्ड सगळीकडे चालते, त्यामुळे वेगळे काही करण्याची गरजच नाही. सासऱ्यांनी मात्र जपानमध्ये अजूनही रोखीचे व्यवहार बरेच होतात असे ऐकले आहे आणि सगळे येन इथूनच नोटांच्या रूपात न्यावेत असा त्यांचा आग्रह आहे. गावातल्या एका मनी चेंजरने ‘कमिशन शून्य’ असे सांगून दर दिला, पण तो वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या दरापेक्षा बराच चढा वाटला, आणि शून्य कमिशन असूनही असे का, हे काही त्यांना नीट सांगता आले नाही.

दुसरी काळजी सासू-सासऱ्यांची आहे. दोघेही कार्ड वापरत नाहीत. टोकियोतली मोठी स्टेशने आणि त्या दिवसांतली साकुराच्या (चेरीच्या) फुलोऱ्याची गर्दी पाहता आमची चुकामूक झालीच, तर त्यांना चहापाणी घेऊन हॉटेलवर परत येता येईल एवढी सोय त्यांच्याजवळ असावी, असे मला वाटते. शिवाय परदेशी चलन घेताना टीसीएस (व्यवहाराच्या वेळीच गोळा केला जाणारा कर) कापतात म्हणतात, तो आम्हाला लागू होईल का, हेही कृपया सांगावे.


हिशेबनीस (पुणे)

गोदाकाठ ताई, माझी बरीचशी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात झाली, त्यामुळे नियमांबद्दल आणि दरांबद्दल सांगतो. प्रत्यक्ष जपानमध्ये काय चालते ते तिथे राहणारे सभासद अधिक चांगले सांगतील.

आधी नियम. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण (परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याच्या) योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत परकीय चलन मिळू शकते, तेव्हा त्या मर्यादेचा तुम्ही विचारही करू नका. नोटांची मर्यादा मात्र वेगळी आहे. जपानसारख्या देशाच्या एका प्रवासासाठी माणशी ३,००० डॉलरच्या किमतीच्याच नोटा मिळतात आणि बाकीची रक्कम कार्डावर न्यावी लागते. डॉलरला १५० येनच्या आसपास दर धरला तर हे साडेचार लाख येन होतात. म्हणजे सासरे म्हणतात त्याप्रमाणे सगळेच्या सगळे पाच लाख नोटांत न्यायचे ठरवले, तर एकाच्या पासपोर्टवर ते मिळणारच नाहीत. ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे चलन घेताना पैसे रोख देता येत नाहीत, खात्यातूनच द्यावे लागतात. पॅन, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट बरोबर न्यावे, आणि अधिकृत मनी चेंजरकडून पावती घेतल्याखेरीज निघू नये, कारण परत आल्यावर उरलेले चलन विकताना तीच पावती उपयोगी पडते.

टीसीएसची काळजी नको. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात माणशी दहा लाख रुपयांपर्यंतच्या विप्रेषणावर तो लागत नाही, आणि तुमचे पाच लाख येन त्याच्या खूपच खाली आहेत. सहल कंपनीचे पॅकेज घेणाऱ्यांना वेगळा नियम आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या रिझर्व्ह बँकेच्या वरच्या योजनेत धरला जात नाही.

आता ‘शून्य कमिशन’ म्हणजे काय ते पाहू, कारण अनेकांचे पैसे इथेच जातात. चलन बदलताना आपण तीन गोष्टींचे पैसे मोजतो: दरात मिसळलेला नफा, वेगळे लावलेले शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. शुल्क शून्य केले तरी नफा दरात घालता येतो आणि तो पावतीवर वेगळा दिसत नाही. उदाहरणासाठी समजा की त्या दिवशी १०० येनचा संदर्भ दर ६० रुपये आहे आणि तुम्हाला एक लाख येन हवे आहेत, म्हणजे मूळ किंमत ६०,००० रुपये. एका मनी चेंजरने ६१.५० रुपये दर दिला तर ६१,५०० रुपये होतात. त्यावर जीएसटी साधारण १११ रुपये, कारण एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे करपात्र मूल्य मानून त्यावर १८ टक्के कर लावतात. दुसऱ्याने ‘कमिशन शून्य’ म्हणत ६२.४० रुपये दर दिला तर करासह ६२,५१२ रुपये होतात. तीच रक्कम साध्या क्रेडिट कार्डावर खर्च केली आणि बँकेचा मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचे जादा शुल्क, ३.५ टक्के असला, तर त्यावरच्या जीएसटीसह ४.१३ टक्के जादा म्हणजे एकूण ६२,४७८ रुपये पडतात. म्हणजे शून्य कमिशनवाला क्रेडिट कार्डापेक्षाही महाग पडला.

त्यामुळे मनी चेंजरला दर विचारू नका, कमिशनही विचारू नका. ‘माझ्या खात्यातून सगळे धरून किती रुपये जातील आणि हातात किती येन पडतील’ एवढेच विचारा, आणि एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात, तीन ठिकाणी विचारा. विमानतळावरचा काउंटर अगदी नाइलाज झाला तरच वापरावा, कारण तिथले दर बहुधा सर्वांत चढे असतात.

माझा सल्ला असा की निम्मी रक्कम फॉरेक्स कार्डावर येनमध्येच भरावी. दर आजच पक्का होतो आणि नंतर रुपया घसरला तरी तुमच्या खर्चाचा अंदाज बिघडत नाही. पण त्या कार्डात येनची सोय आहे ना, हे आधी पाहा. डॉलर भरलेले कार्ड जपानमध्ये वापरले तर रुपयांतून डॉलर आणि डॉलरमधून येन असे दोनदा चलन बदलते, आणि दुसऱ्या बदलाला साधारण २ ते ३.५ टक्के वेगळे शुल्क लागते.


एदोगावा (टोकियो)

निशी-कासाई भागात राहतो. इथे मराठी घरे बरीच असल्याने दरवर्षी साकुराच्या दिवसांत कोणाचे ना कोणाचे आई-वडील आलेले असतात आणि हा प्रश्न ठरलेला असतो.

हिशेबनीस साहेबांचे दरांबद्दलचे सगळे विवेचन मान्य आहे, पण निम्मी रक्कम फॉरेक्स कार्डावर भरण्याचा सल्ला मला पटत नाही. आजकाल भारतातल्या काही बँका परदेशी व्यवहारावर अजिबात मार्कअप न लावणारी कार्डे देतात. असे एखादे कार्ड घरात असेल किंवा निघायच्या आत मिळत असेल, तर हॉटेल, डिपार्टमेंट स्टोअर, शिनकानसेनची (बुलेट ट्रेनची) तिकिटे आणि मोठ्या उपाहारगृहांतली बिले त्यावरच भरावीत. फॉरेक्स कार्डावर उरलेली रक्कम परत रुपयांत बदलताना पुन्हा तोटा होतो, आणि पाच जणांच्या कुटुंबात खर्चाचा अंदाज तंतोतंत निघणे कठीण असते. तुमच्याकडचे कार्ड ३.५ टक्के मार्कअपचे असेल तर मात्र हिशेबनीस यांचे म्हणणे बरोबर आहे.

रोख कुठे लागते? सासऱ्यांनी ऐकलेले पूर्वीइतके खरे राहिले नसले, तरी खोटेही नाही. देवळांची प्रवेशशुल्के, देवळांबाहेरची खाण्याची दुकाने, बागांमधले साकुराच्या दिवसांतले ठेले, जुनी छोटी उपाहारगृहे, नाण्यांवर चालणारी कपडे धुण्याची यंत्रे आणि स्टेशनांवरचे जुने लॉकर यांना रोखच लागते. क्योटोतल्या किनकाकूजी या सोनेरी मंदिराचे प्रवेशशुल्क मोठ्या माणसाला ५०० येन आहे आणि तिथे रोख देण्याच्या तयारीनेच जावे. रामेनच्या (रस्स्यातल्या नूडल्सच्या) अनेक दुकानांत दाराशीच तिकिटाचे यंत्र असते. त्यात आधी पैसे घालायचे, मग हव्या त्या पदार्थाचे बटण दाबायचे आणि बाहेर पडलेली चिठ्ठी आत नेऊन द्यायची. अशी काही यंत्रे फक्त नाणी आणि १,००० येनची नोट घेतात, १०,००० ची नोट सरळ परत बाहेर ढकलतात. क्योटोच्या शहर बसमध्ये मागच्या दाराने चढून पुढच्या दाराने उतरताना चालकाशेजारच्या पेटीत २३० येन नेमके टाकावे लागतात. ती पेटी जास्तीचे पैसे परत देत नाही. सुटे करून देणारे यंत्र शेजारीच असते, पण तेही १,००० येनच्याच नोटेचे. मागे रांग उभी असताना सासूबाईंना हे सगळे करायला लावू नका.

त्यावर उपाय म्हणजे सुईका. ही आधी पैसे भरून ठेवायची आणि प्रवासात व दुकानांत टॅप करून वापरायची कार्डे आहेत. पर्यटकांसाठीची ‘वेलकम सुईका’ २८ दिवस चालते आणि तिला अनामत लागत नाही. पाचही जणांना एकेक कार्ड घ्या, कारण एका कार्डावर दोघांना स्टेशनच्या फाटकातून जाता येत नाही. मुलगी दहा वर्षांची आहे, म्हणजे तिचे भाडे निम्मे; पासपोर्ट दाखवून तिच्यासाठी मुलांचे कार्ड मागून घ्या. एका कार्डात जास्तीत जास्त २०,००० येन राहतात. हे कार्ड टोकियोतली मेट्रो, क्योटोची बस, रस्त्यावरची पेयांची यंत्रे, नव्या पद्धतीचे लॉकर आणि सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट या दुकानांत सगळीकडे चालते. सासू-सासऱ्यांच्या गळ्यातल्या पाकिटात प्रत्येकी ५,००० येन भरलेली सुईका असली की पिन नको, सही नको, सुटे नकोत. पण कार्ड भरण्यासाठी स्टेशनवरच्या बहुतेक यंत्रांना रोख रक्कमच लागते, आणि त्यामुळेच तुमच्या रोखीचा मोठा हिस्सा इथे जाईल.

रोख येन सगळे भारतातून आणण्याची गरज नाही. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांतल्या सेव्हन बँकेच्या एटीएममध्ये परदेशी कार्डे चालतात आणि पडद्यावर इंग्रजीही येते. ते यंत्र दर वेळी ११० किंवा २२० येन शुल्क घेते. पोस्टाच्या बँकेची एटीएमही चालतात. पाच लाखांपैकी दीड लाख येन रोख पुरावेत असे मला वाटते. त्यांतले साठ-सत्तर हजार भारतातून आणावेत आणि बाकीचे इथे काढावेत. हातात १०,००० ची नोट आली की एखाद्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन ती मोडावी, कोणी तोंड वाकडे करत नाही. ३ जुलै २०२४ पासून नव्या नोटा आल्या आहेत आणि १०,००० च्या नोटेवर आता शिबुसावा एइइची आहेत. नाशिकमध्ये फुकुझावा युकिची यांचे चित्र असलेली जुनी नोट मिळाली तरी बिनधास्त घ्या, ती चलनात आहे.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवायला सांगा. कार्डाच्या यंत्रावर ‘रुपये की येन’ असा प्रश्न आला तर येनच निवडायचे. रुपये ओळखीचे वाटतात, पण तो दर त्या यंत्राच्या कंपनीने स्वतःचा नफा घालून ठरवलेला असतो, आणि अनेक भारतीय बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावरही वेगळे शुल्क लावतात.


चाफा (ठाणे)

वयस्क आईला घेऊन जपानला जाऊन आले आहे, त्यामुळे मोठ्या माणसांच्या बाजूने थोडे लिहिते.

गोदाकाठ, सासऱ्यांच्या आग्रहाला थोडा मान द्यावा असे मला मनापासून वाटते. आयुष्यभर स्वतःच्या खिशातून खर्च करत आलेल्या माणसाला परक्या देशात चहासाठीसुद्धा सुनेकडे हात पसरावा लागला, तर त्याचा प्रवासातला निम्मा आनंद जातो. आईला मी रोज सकाळी ठरावीक रक्कम देत असे आणि तिचा हिशेब कधी मागत नसे. ती देवळात पाच येनचे नाणे टाकायची, दुकानात काउंटरवरच्या छोट्या तबकात पैसे ठेवायची आणि उरलेले मोजून घ्यायची. सुईका असावीच, पण त्याबरोबर दोघांकडे प्रत्येकी ५,००० येन नोटांतही असू द्यावेत. हॉटेलचे जपानी नाव आणि पत्ता लिहिलेले कार्ड त्याच पाकिटात ठेवा. टॅक्सीवाल्याला ते दाखवले की पुरते, आणि अगदीच अडचण आली तर चौकातल्या ‘कोबान’ या पोलीस चौकीत दाखवता येते.

वेगळी काढून ठेवायची रक्कम म्हणजे दवाखान्याची. प्रवासविमा असला तरी जपानमधल्या लहान दवाखान्यांत बहुधा आधी पैसे भरावे लागतात आणि विमा कंपनीकडून ते मागाहून मिळवावे लागतात. अनेक ठिकाणी कार्ड घेत नाहीत. सत्तरी ओलांडलेली माणसे बरोबर असताना ३०,००० येन एका पाकिटात वेगळे ठेवून त्याला हात लावू नये. पावती मात्र ‘र्योशूशो’ असे नाव घेऊन मागून घ्यावी, तिच्याशिवाय विम्याचा दावा अडतो.

कार्डे दोन बँकांची आणि दोन वेगळ्या माणसांच्या पिशवीत असावीत. निघण्याआधी दोन्ही कार्डांचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून चालू करून मर्यादा ठरवून घ्या, कारण ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू करून मिळतात. चार आकडी पिन पाठ असल्याची खात्री करा. बँकेचा टोल फ्री क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाही, म्हणून +९१ ने सुरू होणारा साधा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. आणि ओटीपीसाठी भारतातले सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवा, नेट वापरण्यासाठी वेगळे ई-सिम घ्या. कोणी यूपीआयचा विषय काढला तर सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका अशा ठिकाणी ते चालते हे खरे आहे, पण जपानच्या प्रवासात त्याचा भरवसा धरू नये.


गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘हातात किती येन पडतील’ हा प्रश्न आज दोन ठिकाणी विचारला आणि एक लाख येनमागे सातशे रुपयांहून अधिक फरक निघाला.

आमच्याकडे बिनमार्कअपचे एक क्रेडिट कार्ड आहे असे यजमानांनी पाहून सांगितले. तेव्हा मोठा खर्च त्यावर, दुसऱ्या बँकेचे एक लाख येन भरलेले फॉरेक्स कार्ड माझ्याकडे, आणि सत्तर हजार येनच्या नोटा इथूनच घेऊन त्या सासरे आणि यजमान यांच्यात वाटून, असे ठरवत आहोत. सासऱ्यांना हे पटले आहे.

दोन शंका उरल्या. पैसे कमी पडले तर जपानमधल्या एटीएममधून कोणत्या कार्डाने काढावेत? आणि परत आल्यावर उरलेल्या येनचे काय करायचे?


हिशेबनीस (पुणे)

ताई, एदोगावा यांचे म्हणणे मला मान्य आहे. बिनमार्कअपचे कार्ड घरात असताना फॉरेक्स कार्डावर निम्मी रक्कम अडकवण्याचे कारण उरत नाही. एक लाख येन राखीव म्हणून पुरेत.

एटीएममधून पैसे फॉरेक्स कार्डानेच काढा. क्रेडिट कार्डाने रोख कधीही काढू नका, मार्कअप शून्य असला तरीही. क्रेडिट कार्डावरच्या रोखीला वेगळे शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते, खरेदीसारखी बिनव्याजी मुदत तिला मिळत नाही. फॉरेक्स कार्डाच्या बँकेचेही दर वेळचे ठरावीक शुल्क असते, म्हणून दहा-दहा हजार असे चारदा काढण्यापेक्षा चाळीस हजार एकदाच काढावेत. उलट, काही हॉटेले खोलीत जाताना अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात, तिथे फॉरेक्स कार्ड देऊ नका. अडकलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस लागू शकतात आणि तेवढे तुमचे येन वापरता येत नाहीत. तिथे क्रेडिट कार्डच द्यावे.

उरलेल्या चलनाचा नियम असा आहे की परत आल्यापासून १८० दिवसांत ते अधिकृत विक्रेत्याला किंवा बँकेला परत विकावे. २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात, तेव्हा पुढे पुन्हा जपानचा विचार असेल तर दहा-वीस हजार येन विकण्याची घाई नको, कारण विकताना खरेदीपेक्षा बराच खालचा दर मिळतो. नाणी ठेवण्यावर बंधन नाही, पण ती इथे कोणी घेतही नाही. ५०० येनचे एक नाणे म्हणजे वरच्या उदाहरणातल्या दराने ३०० रुपये, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत नाणी आधी खर्चावीत. स्टेशनांवरच्या तिकीटयंत्रांत १० येनपासूनची नाणी चालतात. वेलकम सुईकातली शिल्लक परत मिळत नाही, म्हणून शेवटी तीत थोडेच पैसे भरा आणि उरलेले विमानतळावरच्या दुकानात संपवा.

तुमचा प्रवास एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे, म्हणून आणखी एक. मार्चअखेर बँकांत वर्षाच्या हिशेबांची धांदल असते आणि १ एप्रिलला बँका ग्राहकांसाठी बंद असतात. फॉरेक्स कार्डाचा अर्ज मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच द्या. कार्ड हातात आल्यावर त्यात येनच भरले गेले आहेत ना हे ॲपवर पाहून घ्या, आणि पिन बदलायचा असेल तर तो भारतातल्या एटीएमवर नाशिकमध्येच बदलून घ्या.